वशिंडाचा मासा, उसनं नाव

महाडजवळच्या वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात चुरमुरे टाकले की आधी बोटभर पिल्लं वर येतात, मग हातभर मासे, आणि थोडा धीर धरला तर खालून एखादं काळपट धूड वर सरकतं. देवाचे मासे, त्यांना कुणी धरत नाही. पाणी निवळ असेल तर अंगावरचे मोठाले खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले दिसतात, तोंडाजवळच्या मिशा दिसतात, आणि मासा वळला की पर दिसतात. निळसर, करडे. हा रंग ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हा दख्खनचा महाशीर, आपल्याकडचा खडशी किंवा खडची. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते दिलं. साइक्सची एक खोड मला फार आवडते. लॅटिन-ग्रीक शब्द शोधत बसण्याऐवजी तो पुष्कळदा इथल्या लोकांच्या तोंडचं नावच उचलायचा. म्हणून त्याच्या यादीत ‘कोलस’ आहे, ‘सींगटी’ आहे, आणि शिरूरच्या घोड नदीतला ‘मुसुल्ला’ही आहे. उच्चार बिचाऱ्याला जमले तसे.

या मुसुल्लाने पुढे घोळ घातला.

तिकडे कावेरीच्या खोऱ्यात एक वेगळाच महाशीर राहतो. त्याची पाठ डोक्यामागून एकदम चढते, बैलाच्या वशिंडासारखी. पर नारिंगी. गळाचा नाद असलेले इंग्रज या माशासाठी वेडे होते. 1946 मध्ये कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी गळाने काढलेला महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा भरला. एवढा नावाजलेला मासा, पण शास्त्राच्या वहीत त्याला स्वतःचं नाव नव्हतं. साइक्सचा ‘मुसुल्ला’ त्याला चिकटवला गेला. साइक्सचा मूळ नमुनाच उरला नव्हता, मग ताडून पाहणार कशाशी? फार उशिरा लक्षात आलं की घोड नदीचा मुसुल्ला महाशीरच नव्हे, तो दुसऱ्याच प्रजातीतला आहे.

नाव इकडून गेलं, तसे मासेही इकडूनच गेले. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात खडशीची कृत्रिम पैदास होऊ लागली आणि बोटुकल्या निरनिराळ्या नद्यांत सोडल्या गेल्या, कावेरीतही. महाशीर कमी होताहेत तर वाढवू या, हा हेतू चांगलाच होता. फक्त ‘महाशीर म्हणजे नेमका कोणता’ हा प्रश्न राहून गेला.

तो विचारायला भाग पाडलं ते गळवाल्यांच्या नोंदींनी. कावेरीकाठच्या कॅम्पात मासा पकडायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा, अशी रीत होती. 1998 ते 2012 या काळात 23,620 तास गळ टाकून 6,161 महाशीर हाती लागल्याची नोंद आहे. मासे वाढत होते, सरासरी वजन घटत होतं. म्हणजे पिल्लं भरपूर. कुणालाही बरं वाटावं असं चित्र. पण निळ्या परांचे आणि नारिंगी परांचे वेगळे मोजल्यावर खरी गोष्ट दिसली. वाढत होता तो आपला खडशी. वशिंडवाल्याची पिल्लं दिसेनाशी होत होती.

2018 मध्ये कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीतले नमुने, मोजमापं आणि डीएनए जुळवून नावाचा गुंता सुटला. केरळातल्या पांबार नदीतल्या छोट्या माशांना 2007 मध्ये ‘टॉर रेमादेवी’ असं नाव दिलं गेलं होतं. वशिंडाचं धूड म्हणजे त्याच जातीचा मोठा मासा निघाला. गुंता सुटला त्याच वर्षी तो धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून गेला, आणि आपला खडशी मात्र संकटग्रस्तांतून बाहेर आला.

मग गळाला लागलेला मासा ओळखायचा कसा? ओठांवर जाऊ नका. एकाच जातीत एखाद्याचे ओठ जाड, लोंबते असतात आणि दुसऱ्याचे पातळ. अंगाच्या सोनेरी-तपकिरी छटेचंही तसंच, वय आणि पाणी बदललं की ती बदलते. वशिंड मोठ्या माशात ठळक असतं, पण पिल्लात ते शोधायला जाल तर फसाल, आणि खाऊन फुगलेल्या खडशीचीही पाठ उंच वाटते. परांचा रंग जास्त भरवशाचा, त्यातही शेपटीचा. त्याच्या जोडीला तोंड बाजूने पाहायचं. वशिंडवाल्याचा खालचा जबडा लांब, जवळजवळ वरच्याएवढा असतो. खडशीचा स्पष्ट आखूड. जाणकार याखेरीज पाठीवरच्या पराच्या पुढचे खवले मोजतात, पण हातात तडफडणाऱ्या माशाचे खवले मोजून दाखवेल त्याला माझा नमस्कार.

म्हणून फोटो. ओल्या हाताने, मासा पाण्यालगत धरून, बरोबर बाजूने, तोंड आणि शेपटी दोन्ही चौकटीत. बहुतेक फोटोंत मासा छातीशी कवटाळलेला, पर बोटांखाली दबलेले आणि मध्यभागी हसरा माणूस असतो. इंग्रजांच्या काळातले फोटो तर कृष्णधवल. त्यांत परांचा रंग गेलेला आहे, वशिंड मात्र साफ दिसतं.