अनुकूली व्यवस्थापन की नुसतेच ‘करून बघू’?

पाणी जिरत नाही म्हणून यंदा जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन टाकले, पुढच्या वर्षी ते सोडून हिरवळीचे खत घेतले, तिसऱ्या वर्षी खोल नांगरट केली. याला सर्रास अनुकूली व्यवस्थापन, म्हणजे परिणाम पाहून शिकत उपाय सुधारत जाणे, म्हणतात. खरे तर ही चाचपणी. जमीन सुधारलीच, तर ती कशामुळे हे कळत नाही. पाऊसही दरवर्षी वेगळाच पडलेला असतो.

परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात मांडलेल्या अनुकूली व्यवस्थापनात आधी अंदाज लिहावा लागतो. उदाहरणार्थ, ‘हेक्टरी 5 टन आच्छादनाने दोन हंगामांत पाणी जिरण्याचा वेळ एक तृतीयांशाने घटेल.’ नाही घटला तर मात्रा वाढवायची की उपायच बदलायचा, हेही तेव्हाच ठरवायचे. शिवाय तशाच मातीचा, तशाच उताराचा एक पट्टा आच्छादनाविना राखायचा. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. पण तो पट्टा नसेल तर चांगल्या पावसाचे श्रेय आच्छादनाला जाते.

मोजणी साधीच आहे. 15 सेंमी व्यासाचे लोखंडी कडे 7-8 सेंमी खोल ठोका, आतल्या कडेची माती बोटाने हलकेच दाबा. वर प्लास्टिकचा कागद अंथरून 440 मिली पाणी ओता (म्हणजे सुमारे 25 मिमीचा थर), कागद अलगद ओढून घ्या आणि पाणी दिसेनासे होईपर्यंतचा वेळ मोजा. मग लगेच पुन्हा तेवढेच पाणी. तुलना या दुसऱ्या वेळेची करायची, कारण कोरडी माती पहिले पाणी अधाशासारखी पिते. दोन्ही पट्ट्यांत प्रत्येकी चार-पाच जागा घ्या. भेगा आणि चाकोऱ्या टाळा.

सेंद्रिय कर्बाच्या (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत आलेल्या कार्बनच्या) दरवर्षीच्या आकड्यावर मात्र निर्णय घेऊ नये. तो इतका सावकाश बदलतो की नमुना घेण्यातली चूकच वर्षभराच्या बदलापेक्षा मोठी ठरते. तीन ते पाच वर्षांनी, त्याच हंगामात, त्याच खोलीवरून नमुना घ्यावा. नुकत्याच नांगरलेल्या भुसभुशीत जमिनीत तेवढ्याच खोलीत माती कमी भरते, हेही लक्षात असू द्या.

स्वस्त आणि सहज मागे घेता येणाऱ्या गोष्टींसाठी, जसे दोन ओळींतले अंतर, चाचपणी पुरे. सपाटीकरणासाठी वरची सुपीक माती खरवडायची असेल, तर दोन्ही पद्धती निरुपयोगी: चूक कळेपर्यंत माती गेलेली असते.