खर्रा, चट्टा आणि रिपोर्टमधला पी-१६

काकांना मी त्यांचीच तीन बोटं उभी जोडून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं अडलं. गालाच्या आतून बोट फिरवलं तर सुतळी ताणून बांधावी तसे ताठ पट्टे हाताला लागले. डाव्या गालात, जिथे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, दाबून ठेवायची सवय, तिथे रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. गॉजने पुसून पाहिला, निघाला नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याच खिशात पन्नीत घोटलेली पुडीही होती, ती मात्र त्यांनी हळूच परत सरकवली.

कागद एका लॅबच्या ‘फुल बॉडी चेकअप’चा होता. शेवटच्या पानावर ‘कॅन्सर मार्कर’ असा मथळा, खाली सीईए नावाची रक्ततपासणी आणि आकडा मर्यादेच्या आत. “काहीच नाही निघालं जी डॉक्टर,” काका म्हणाले. “मग दिवसातून दोन-तीन चालते न?”

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे, आणि ती एकट्या काकांची नाही. इंटरनेटवर वाचून येणारी शिकलेली माणसंही तीच करतात. एक गोष्ट म्हणजे जोखीम घटक, आम्ही ओपीडीत ज्याला रिस्क फॅक्टर म्हणतो तो. दुसरी म्हणजे जैविक खूण, अर्थात मार्कर. दोन्हींचा संबंध कॅन्सरशी, दोन्हींपुढे ‘धोका वाढलेला’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणून एक दुसरीच्या जागी वापरली जाते.

कडब्याच्या गंजीला टेकून विडी ओढणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो जोखीम घटक. गंजीतून वर येणारा धूर ही खूण. धूर दिसत नाही म्हणून त्या माणसाला तिथे निवांत बसू देणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. आणि धूर पंख्याने उडवून आग विझत नाही, हेही कोणाला सांगावं लागत नाही. तोंडाच्या बाबतीत मात्र दोन्ही चुका सर्रास होतात.

आधी विडीवाल्याकडे बघू. जोखीम घटक शोधायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, माणसं मोजावी लागतात. खाणारे इतके, न खाणारे इतके, वर्षांनुवर्षं दोघांच्या मागे राहायचं आणि कोणाला किती आजार झाला ते पाहायचं. अशा मोजणीतूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखू घातलेल्या पानाला कॅन्सरकारक ठरवलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात बिनतंबाखूचं पान आणि नुसती सुपारीही त्याच पहिल्या गटात गेली. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे अजून पचलेली नाही. ‘मी तंबाखू नाही खात, फक्त सुपारी’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा तरी ऐकतो, आणि ते नेहमी थोड्या अभिमानाने म्हटलेलं असतं.

सुपारी काय करते ते काकांच्या तोंडात दिसत होतं. तिच्यातलं अरेकोलीन गालाच्या अस्तराखालच्या पेशींना तंतू तयार करायला लावतं. तिच्यातल्या तांब्यामुळे ते तंतू एकमेकांना घट्ट सांधले जातात आणि सहजी विरघळत नाहीत. गाल आतून चामड्यासारखा होतो, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणं वर्षागणिक कमी होत जातं. आम्ही याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला आणि पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात असे रुग्ण १७ वर्षं तपासले गेले तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. खर्रा आणि मावा यांत सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही एकत्र घोटले जातात, म्हणजे तंबाखूतली कॅन्सरकारक नायट्रोसमाइन्सही आलीच. दारू सोबत असेल तर दोघांची नुसती बेरीज होत नाही, गुणाकाराकडे झुकणारी वाढ होते. आणि ‘आमच्या घरात बायका काही खात नाहीत’ असं सांगणाऱ्या घरात सासू सकाळी मिश्री लावत असते.

आपल्या राज्यात हा धोका धुराचा कमी आणि चघळण्याचा जास्त. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. टपरीवर पन्नीत खर्रा घोटणारे हात मात्र थांबले नाहीत.

जोखीम घटकाची एक अडचण आहे आणि ती कबूल करायला हवी. तो गर्दीबद्दल खरं बोलतो, एकट्या माणसाबद्दल गप्प राहतो. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते’ हे खोटं नसतं. तंबाखू खाणाऱ्या बहुतेकांना तोंडाचा कॅन्सर होत नाही. पण ज्यांना तो होतो त्यांत खाणारेच फार मोठ्या संख्येने निघतात. आपण नेमके कुठल्या रांगेत, हे सवयीवरून सांगता येत नाही. या गप्पपणामुळेच माणसाला मार्करची ओढ लागते. माझ्या शरीरात आत्ता काय चाललंय ते एका आकड्यात सांगा, म्हणजे झालं!

मार्कर हा माणसाला विचारायचा प्रश्न नाही. तो पेशीला, थुंकीला, रक्ताला विचारायचा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त वेळा बिघडलेलं सापडणारं जनुक म्हणजे टीपी-५३. पेशीच्या डीएनएला इजा झाली की तिला थांबवणारं किंवा मारून टाकणारं प्रथिन त्यावरून बनतं. भारतीय गाठींचं स्वतंत्र वाचनही झालं आहे. खारघरचं टाटा स्मारकाचं संशोधन केंद्र आणि बंगालमधली कल्याणी इथली संस्था यांनी मिळून २०१३ मध्ये गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय आराखडा मांडला. जगात इतरत्र माहीत असलेल्या बिघाडांसोबत आपल्याकडच्या गाठींत वारंवार सापडणारी आणखी काही जनुकं त्यात पुढे आली. संशोधकांसाठी ही खाण आहे. काकांच्या खिशातल्या रिपोर्टशी मात्र तिचा काडीचा संबंध नाही.

कारण सीईए ही तपासणी तोंडाच्या कॅन्सरचं निदान करायला वापरतच नाहीत. ती मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर उपचार झाल्यावर लक्ष ठेवायला उपयोगी पडते. गंमत अशी की सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये सीईए कॅन्सर नसतानाही थोडं वाढलेलं असू शकतं. थुंकीतल्या तपासण्यांवर बरंच काम झालं. इंटरल्यूकिन-८ नावाचं प्रथिन तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या लाळेत वाढलेलं सापडतं हे खरं. पण ते सुजलेल्या, पू येणाऱ्या हिरड्यांतही वाढतं, आणि खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या कशा असतात ते सांगायला नको. पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ हे दोन शब्द छापून लॅबने काकांना जे विकलं ते निदान नव्हतं, ते सहा महिन्यांचं निर्धास्तपण होतं. मला त्याचा राग येतो.

मधेच आणखी एक खूण येते, ती विडीच्या थोटकासारखी आहे. निकोटीन शरीरात गेलं की यकृतात त्याचं कोटिनीन बनतं आणि ते लघवीत, लाळेत तीन-चार दिवस सापडू शकतं. हा मार्करच, पण आजाराचा नाही, सवयीचा. ‘सोडली डॉक्टर, आईशपथ’ म्हणणाऱ्याची लघवी वेगळं सांगू शकते. मात्र नुसती सुपारी खाणारा या तपासणीत हरिश्चंद्र ठरतो, कारण सुपारीत निकोटीन नसतंच.

आता तो पांढरा चट्टा. त्याला कुठे बसवायचं? तो तंबाखूसारखा बाहेरून आलेला नाही, म्हणून मूळ कारण नव्हे. पण चट्टा असलेल्या माणसाला पुढे कॅन्सर होण्याची शक्यता इतरांहून जास्त असते, म्हणून पुस्तकं त्याला धोक्याच्या यादीत घालतात. चट्टा लालसर असेल किंवा लाल-पांढरा मिसळलेला असेल तर आमच्या भुवया आणखी वर जातात. तो कारण आहे की खूण, हे ठरवायची एक साधी कसोटी आहे: काढून टाकला तर धोका जातो का? तंबाखू सोडली तर धोका वर्षांगणिक खाली येतो. चट्टा मात्र कापला, लेझरने जाळला तरी पुढचा कॅन्सर टळतो असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. १९५३ मध्ये स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की गाठीच्या आजूबाजूचं, डोळ्यांना ठणठणीत दिसणारं अस्तरही आतून बिघडलेलं असतं. शेतात एका जागी तण दिसतं, बी मात्र सगळीकडे पडलेलं असतं. म्हणून माझ्या मते चट्टा धूरच. तो कापायचा असतो, तपासायचा असतो, पण कापला म्हणजे सुटलो असं नाही.

तपासणीसाठी काढलेल्या चट्ट्याच्या तुकड्यातून, म्हणजे बायोप्सीतून, आणखी बारीक खूणही वाचता येते. तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्राचे ठराविक तुकडे पेशींतून गळालेले असतील तर धोका जास्त, असं आधी दिसलं होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ते पुन्हा तपासलं गेलं. तीन वर्षांनंतर कॅन्सरमुक्त राहिलेले लोक, ही खूण असलेल्यांत ७४ टक्के आणि नसलेल्यांत ८७ टक्के होते. खूण खरी निघाली. मग त्या खूणवाल्यांना एर्लोटिनिब हे औषध देऊन पाहिलं: औषध घेणारे ७० टक्के, नुसती साखरेची गोळी घेणारे ७४ टक्के. फायदा शून्य. धूर अचूक ओळखता आला तरी पाणी कुठे मारायचं ते कळलं असं होत नाही.

सगळ्यांत जास्त गोंधळ एचपीव्ही आणि पी-१६ यांचा. एचपीव्ही हा विषाणू, म्हणजे बाहेरून येणारा, सरळसरळ जोखीम घटक. पी-१६ हे पेशीतलं प्रथिन, म्हणजे मार्कर. विषाणू पेशीच्या वाढीचा एक ब्रेक निकामी करतो, त्याची भरपाई करण्याच्या खटाटोपात पेशी पी-१६ भरपूर बनवते, आणि पॅथॉलॉजिस्टला तुकडा गडद तपकिरी रंगलेला दिसतो. तंबाखूच्या गाठीत बहुधा उलटं असतं, तिथे पी-१६ बनवणारं जनुकच अनेकदा हरवलेलं असतं.

पण हे गणित टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी, म्हणजे घशाच्या बाजूला चालतं. गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग इथे पी-१६ वरून एचपीव्ही ओळखता येत नाही, आणि आपल्याकडच्या गालाच्या कॅन्सरमध्ये त्या विषाणूचा वाटा तसाही लहान. घशातला पी-१६ पॉझिटिव्ह कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतो, म्हणून कॅन्सर किती पुढे गेला ते ठरवणाऱ्या २०१७ च्या वर्गीकरणात त्याच्या पायऱ्याच वेगळ्या मांडल्या आहेत. म्हणजे तिथे ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून रडणाऱ्या मुलाला बाहेर बोलावून सांगावं लागतं की बाबा, हे त्यातल्या त्यात बरं आहे. पीडी-एल-१ या प्रथिनाचा मार्कर हा आणखी वेगळा प्रकार, तो फक्त कोणतं औषध चालेल याचा अंदाज देतो. आजार का झाला याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

मग काकांसारख्या माणसाचं करायचं काय? तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठी चाचणी झाली. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक पस्तिशीच्या पुढच्या लोकांच्या घरी जाऊन उजेडात तोंड बघत. ना रक्त, ना लाळ. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. सवय नसलेल्यांत असा फायदा दिसला नाही. कोणाच्या तोंडात बघायचं ते सवयीने ठरवलं, काय सापडलं ते डोळ्यांनी पाहिलं आणि ते खरं काय आहे ते तुकड्याने सांगितलं.

काकांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. गंजीचं सांगितलं, त्यांची स्वतःची शेती आहे. ते थोडं हसले, मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही तुकडा काढणारच.” सुई टोचली तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरला, नंतर मुकाट्याने बसून राहिले.

आमच्या केसपेपरवर दोन रकाने असतात. डावीकडे मी लिहिलं: खर्रा, दिवसाला सहा पुड्या, बावीस वर्षं, दारू कधीमधी. उजवीकडे: तोंड उघडणं २६ मिलिमीटर, डाव्या गालात पांढरा चट्टा, तुकडा पाठवला, रिपोर्ट यायचा आहे. लॅबचा तो कागद कुठल्या रकान्यात लावू, असं परिचारिकेने विचारलं. मी तो घडी करून काकांना परत दिला.