कनेक्टॅथॉन पास म्हणजे रुग्णाची ओळख बिनचूक? नाही

रुग्णालयाचं सॉफ्टवेअर विकताना एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकवलं जातं: "आमचं पिक्स कनेक्टॅथॉनमध्ये पास झालंय, म्हणजे रुग्णांची सरमिसळ होणारच नाही." कनेक्टॅथॉन म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांशी ठरल्याप्रमाणे बोलतात का, हे तपासणारा चाचणी-मेळावा. वाक्याचा पहिला भाग खरा असू शकतो. दुसरा त्यातून निघतच नाही.

पिक्स हा आयएचईचा, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या सॉफ्टवेअरनी एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या संस्थेचा, प्रोफाइल (नियमसंच). एकाच रुग्णाचे वेगवेगळ्या ठिकाणचे क्रमांक जोडून सांगणं हे त्याचं काम. चाचणीत तपासली जाते ती संदेशांची देवाणघेवाण: नोंदणीचा ए०४ संदेश स्वीकारला का, क्यू२३ प्रश्नाला के२३ उत्तर आलं का. तपासणी काटेकोर असते, हे मान्य. क्रमांकच अनोळखी असेल तर उत्तरात 'एई' (चूक) हा संकेत आणि त्रुटी २०४. क्रमांक ओळखीचा पण जोड सापडली नाही, तर 'एए' (प्रश्न स्वीकारला) सोबत 'एनएफ' (माहिती सापडली नाही). इथे गल्लत चालत नाही.

पण दोन नोंदी एकाच माणसाच्या हे कसं ठरवायचं, तो अल्गोरिदम प्रोफाइलने मुद्दामच ठरवून दिलेला नाही. तो ज्याचा त्याचा. त्यामुळे एकच आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता असलेली जुळी भावंडं एका नोंदीत घुसली, तरी संदेश अगदी नियमानुसार जातील! खरेदीच्या वेळी त्या निकालासोबत, आपल्याच नोंदींवर चुकीच्या जोडण्या किती आणि सुटलेल्या किती, हे मोजून मागा.