पूरक आरोग्य विमा, सेवानिवृत्तीनंतरचा (मराठवाडा)

मूळ आरोग्य संरक्षणाची रक्कम अपुरी पडली किंवा संपली, तर त्यापुढील खर्चासाठी घेतलेला स्वतंत्र विमा. टॉप-अप (प्रत्येक वेळच्या बिलावर मोजला जाणारा) व सुपर टॉप-अप (वर्षभराच्या एकूण खर्चावर मोजला जाणारा) हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. ठरावीक आजाराचे निदान होताच एकरकमी पैसे देणारा गंभीर आजार विमा आणि दवाखान्यातील प्रत्येक दिवसासाठी ठरीव रक्कम देणारा रोख भत्ता विमा यांचाही समावेश काही लेखक याच सदरात करतात. लोकव्यवहारात या सर्वांना सरसकट ‘मेडिक्लेम’ म्हणतात. प्रस्तुत नोंद छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर व धाराशिव या आठ जिल्ह्यांतील निवृत्त नोकरदारांपुरती मर्यादित आहे. या भागातील बहुसंख्य वृद्ध शेतकरी किंवा शेतमजूर असून त्यांच्या आयुष्यात निवृत्तीचा असा दिवस नसतो.

इतिहास : भारतात सर्वसामान्य व्यक्तीला घेता येईल असा रुग्णालयीन खर्चाचा विमा ‘मेडिक्लेम’ या नावाने भारतीय साधारण विमा महामंडळाच्या चार उपकंपन्यांनी सुरू केला. त्याचे वर्ष काही ठिकाणी १९८६, तर काही ठिकाणी १९८७ असे दिले जाते. योजना आखली जाणे आणि ती शाखांमधून प्रत्यक्ष विकली जाणे यांत गेलेला काळ हे या तफावतीचे कारण असावे. १९८६ हे वर्ष अधिक रूढ असून येथेही तेच ग्राह्य धरले आहे. साधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने होऊन ते १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले होते. त्यामुळे पहिली सुमारे पंधरा वर्षे मेडिक्लेम हे केवळ सरकारी कंपन्यांचे उत्पादन राहिले. विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना दार उघडले. टॉप-अप हा प्रकार त्यानंतरच्या स्पर्धेच्या काळातला आहे.

टॉप-अपची कल्पना कोठून आली, याबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील मेडिकेअर (१९६५) या वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याला जोड म्हणून तेथे ‘मेडिगॅप’ पॉलिसी विकल्या जातात. १९९० च्या कायद्याने त्यांचे नमुने प्रमाणित झाले. वयाची ६५ वर्षे पूर्ण करून मेडिकेअरच्या ‘ब’ भागात नाव नोंदवणाऱ्यास पहिले सहा महिने प्रकृतीची चौकशी न करता मेडिगॅप द्यावा लागतो. दोन्हींचा हेतू सारखा दिसल्याने भारतीय टॉप-अपची नाळ मेडिगॅपशी जोडण्याचा मोह होतो, पण रचना पाहता तसे म्हणणे कठीण आहे. मेडिगॅप मूळ विम्याने रुग्णावर टाकलेला वाटा भरतो, म्हणजे तो मूळ विम्याच्या आतली भोके बुजवतो. टॉप-अप मूळ विम्याच्या माथ्यावर बसतो आणि आतल्या भोकांकडे पाहत नाही. विमा कंपन्या आपापसांत जोखीम वाटून घेताना पुनर्विम्याचे जे थर रचतात, त्यांच्याशी त्याचे साम्य अधिक आहे. हा भेद पुस्तकी वाटला, तरी दावे नाकारले जाण्याची बरीचशी कारणे त्यात सापडतात (पुढे ‘वजावट’ पहा).

ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचा स्वतंत्र विचार के. एस. शास्त्री समितीने २००७ मध्ये केला. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाताना प्रतीक्षाकाळाचा (काही आजारांचे संरक्षण सुरू होण्याआधी थांबावे लागते त्या काळाचा) लाभ टिकवण्याची सोय २०११ पासून झाली. प्रवेशासाठीची वयोमर्यादा १ एप्रिल २०२४ पासून नियमातून काढण्यात आली. पॉलिसी घ्यायला वयाचा अडसर तेव्हापासून तत्त्वतः उरला नाही. हप्त्याचा आणि वैद्यकीय तपासणीचा उरला.

मूळ संरक्षण : पूरक विमा किती व कोणता घ्यावा हे आधी काय हाती आहे यावर ठरते. मराठवाड्यात या बाबतीत एकसारखेपणा नाही. जिल्हा परिषद शिक्षक व राज्य शासनाचे कर्मचारी नोकरीत असताना वैद्यकीय प्रतिपूर्तीवर अवलंबून असतात. बिले जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासून घेण्याची ही पद्धत निवृत्तीबरोबर साधारणपणे थांबते. राज्य शासनाने निवृत्त अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी २०१४ मध्ये गट वैद्यकीय विमा योजना आणली. केंद्र सरकारच्या निवृत्तांची केंद्रीय आरोग्य योजना महाराष्ट्रात मुख्यतः मुंबई, पुणे व नागपूर येथे एकवटलेली आहे. तिच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यास बाह्यरुग्ण खर्चासाठी दरमहा १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळू शकतो. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासूनची अंशदायी आरोग्य योजना आहे. ती असलेल्यास पूरक विम्याची निकड तुलनेने कमी असते.

बँकांतील निवृत्तांचा प्रश्न या प्रदेशात वेगळ्या वळणाने आला. निजामाच्या राजवटीत स्थापन झालेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही तालुक्यातालुक्यांतील पगाराची व पेन्शनची बँक होती. ती १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि तिच्या निवृत्तांचे आरोग्य संरक्षण त्या बँकेच्या योजनांशी जोडले गेले. इतर सरकारी बँकांच्या निवृत्तांना बँक व्यवस्थापने व कर्मचारी संघटना यांच्यातील २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर गट विमा घेण्याची मुभा मिळाली व पुढे त्याला सुपर टॉप-अपची जोड आली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांतून निवृत्त झालेल्या आणि किमान पाच वर्षे राज्य कामगार विम्यात (ई.एस.आय.) असलेल्या कामगारास वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी त्याच विम्याचे उपचार चालू ठेवता येतात. इतक्या अल्प दराची सोय दुसरी नाही, तरी निवृत्तीच्या धावपळीत हा अर्ज राहून जातो.

शासकीय योजना : राज्यात १९९७ च्या जीवनदायी योजनेनंतर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातून एकट्या नांदेडचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही तिचा लाभ होता, आणि त्या १४ मध्ये मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. सातबारावर नाव असलेला निवृत्त शिक्षक या वाटेने योजनेत येई. २०२३ च्या निर्णयानुसार ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करून मर्यादा दीड लाखावरून ५ लाख रुपये व उपचारांची संख्या १,३५६ करण्यात आली. त्यांतील काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते.

वजावट : पूरक विम्याचा गाभा वजावटीत आहे. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च विमेदाराने स्वतः किंवा दुसऱ्या विम्यातून करावयाचा आणि त्यावरचा भाग पूरक विम्याने द्यावयाचा. टॉप-अपमध्ये ही रक्कम प्रत्येक वेळच्या दाखल होण्याला स्वतंत्रपणे लागू होते, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या एकूण खर्चाला.

एक उदाहरण घेऊ. परभणीतील एका निवृत्त शिक्षकांकडे ३ लाखांचा मूळ विमा आहे आणि ३ लाख वजावटीचा पूरक विमा आहे. वर्षात दोनदा ॲडमिट व्हावे लागले. पहिले बिल सव्वादोन लाखांचे, दुसरे अडीच लाखांचे. मूळ विम्याने पहिले बिल पूर्ण भागवले आणि दुसऱ्यापैकी उरलेले ७५ हजार दिले. राहिले पावणेदोन लाख. साधा टॉप-अप असेल, तर दोन्ही बिले सुटी सुटी ३ लाखांच्या आतली असल्याने काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अप असेल, तर एकूण खर्च पावणेपाच लाख, वजावट ३ लाख, म्हणून उरलेले पावणेदोन लाख पूर्ण मिळतात. हप्त्यातला फरक पाहता निवृत्तीनंतर साधा टॉप-अप घेण्याचे समर्थन करणे अवघड आहे.

आता तेच शिक्षक, तीच बिले, तोच सुपर टॉप-अप. फक्त मूळ विम्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि सुपर टॉप-अपचे १ ऑक्टोबरला. पहिल्यांदा ॲडमिट झाले ऑगस्टमध्ये, दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्ये. मूळ विम्याच्या हिशेबी दोन्ही एकाच वर्षात येतात. सुपर टॉप-अपच्या हिशेबी नोव्हेंबर हे नवे वर्ष आहे, तेथे वजावट पुन्हा शून्यापासून मोजायची. अडीच लाखांचे बिल ३ लाखांना पोचत नाही आणि पावणेदोन लाख घरून भरावे लागतात. दोन्ही पॉलिसींची तारीख एक ठेवणे हा यावरचा उपाय आहे. माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

दुसरी गफलत खोलीच्या भाड्याची. मूळ विमा ३ लाखांचा व खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये असेल आणि रुग्ण ६,००० च्या खोलीत राहिला, तर खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात निम्मे मंजूर होतात. (औषधे, रोपण-साहित्य व तपासण्यांना ही कपात लावता येत नाही.) बिल २ लाख ४० हजार आणि मंजूर १ लाख ६० हजार, असे झाल्यावर उरलेले ८० हजार सुपर टॉप-अपमधून मिळतील अशी समजूत असते. ते मिळत नाहीत, कारण बिल अद्याप वजावटीच्या आतच आहे.

फुले योजनेचे ५ लाख हाच पाया धरून थेट ५ लाख वजावटीचा सुपर टॉप-अप घ्यावा, असे एक मत विमा विक्रेत्यांत ऐकू येते. हप्ता त्याने बराच उतरतो. परंतु शासकीय योजनेत रुग्णालयाला ठरीव पॅकेज मिळते व मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून वर पैसे घेण्यास मनाई असते, त्यामुळे तिच्या बिलावर पूरक विम्याचा थर चढण्याची वेळ सहसा येत नाही. उलट योजनेत नसलेल्या दवाखान्यात जावे लागले, तर पहिले ५ लाख स्वतःचेच. शासकीय योजना ही वेगळी वाट समजून वजावट आपल्या खाजगी अथवा गट विम्याइतकी किंवा बँकेतील ठेवीला सोसेल इतकी ठेवावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

उपचाराचे ठिकाण : मराठवाड्यातील रुग्ण कोठे नेला जाईल हे त्याच्या गावावरून बरेचसे सांगता येते. जालना व बीडची ओढ छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे ‘घाटी’ या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे (१९५६) किंवा तेथील खाजगी रुग्णालयांकडे असते. नांदेड, देगलूर, बिलोलीकडचे लोक हैदराबाद गाठतात, उमरगा व तुळजापूरचे सोलापूर, आष्टी-पाटोद्याचे अहिल्यानगर. मुले पुण्यात असतील, तर हे सगळे बाजूला पडून रुग्ण पुण्याला जातो. काही पॉलिसींत देशाचे विभाग पाडलेले असतात. लहान शहराच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, मात्र वरच्या विभागातील शहरात उपचार घेतल्यास बिलाचा ठरावीक टक्के हिस्सा विमेदाराला सोसावा लागतो. लातूरच्या पत्त्यावर वाचवलेला हप्ता पुण्याच्या एका शस्त्रक्रियेत वसूल होऊ शकतो. त्यामुळे कॅशलेस रुग्णालयांची यादी आपल्या जिल्ह्यापुरती न पाहता आपण खरोखर जिथे जातो त्या शहराची पाहावी लागते.

माहिती उघड करणे : आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसारख्या उपचारांना बहुधा दोन वर्षांची स्वतंत्र प्रतीक्षा असते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. प्रश्न त्याआधीच्या पाच वर्षांचा असतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गर्दी होते तेव्हा तेथेच अर्ज भरून घेणारे एजंट असतात. “शुगर आहे का?” या रकान्यात ‘नाही’ लिहिले जाते आणि पेन्शनर सही करतो. पुढे ॲडमिट होताना डॉक्टरांनी विचारले, की घरचे खरे तेच सांगतात. केसपेपरवर ‘डी.एम. (मधुमेह), आठ वर्षे’ अशी ओळ पडते व कंपनी नेमकी तीच ओळ पुढे करते. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. भरलेल्या अर्जाची प्रत तिच्यासोबत असते, ती वाचण्याची वेळ हीच.

हप्ता व करसवलत : ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करायची असल्यास कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. गट विम्याला ही माफी नाही, त्यामुळे जुनी तुलनापत्रके आता निरुपयोगी ठरतात. आयकराच्या ८०-ड कलमाखाली ज्येष्ठांना करपात्र उत्पन्नातून ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती फक्त जुन्या करप्रणालीत.

गंभीर आजार विमा साठीनंतर महाग पडतो. रोख भत्ता विमा दवाखान्यात सोबत राहणाऱ्याच्या जेवणखाणाला व प्रवासाला उपयोगी पडतो, त्यापलीकडे त्याला मुख्य संरक्षण मानता येत नाही.

तक्रारी : दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते मान्य नसल्यास विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. मराठवाड्याचे जिल्हे पुणे येथील लोकपालाच्या अधिकारक्षेत्रात येतात. या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीचे अंतिम उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत ती करावी लागते.