मतदार यादीतून नाव उडालं? नमुना ६, ७, ८ आणि अपिलाची वाट

मावशीचं मतदार ओळखपत्र लॅमिनेट करून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलेलं असतं. मागच्या मतदानाला ते घेऊन ती केंद्रावर गेली, पाऊण तास रांगेत उभी राहिली, आणि टेबलामागच्या माणसाने यादीवरून पट्टी सरकवत सांगितलं, “आजी, नाव वगळलंय.” कारण काय, तर स्थलांतरित. मुलीच्या बाळंतपणासाठी ती चार महिने पुण्याला होती. तेवढ्यात कोणीतरी घराला कुलूप पाहून गेलं होतं.

अशी माणसं दर निवडणुकीला भेटतात आणि बहुतेकांचा समज एकच असतो: कार्ड आहे म्हणजे मत आहे. तसं नाही. कार्ड हरवलं तरी आधार, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड यांपैकी काहीतरी दाखवून मत देता येतं. यादीत नाव नसेल तर मात्र कुठलंच कार्ड चालत नाही.

म्हणून आधी नाव शोधा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ॲपवर ओळखपत्राचा क्रमांक टाकून शोधलेलं बरं. नावाने शोधायला गेलात की ‘सुलोचना’चं ‘सुलोचणा’ झालेलं असतं आणि सापडत नाही. १९५० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. नाव सापडलं की यादी भाग क्रमांक (आपल्या मतदान केंद्रापुरत्या यादीचा क्रमांक) आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जात ते लागतात. पुरवणी यादीत वगळलेल्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर छापलेलं दिसतं. ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. मावशीच्या नावापुढे एस होतं.

कोणता नमुना कशासाठी

नमुना ६ नव्या नोंदणीसाठी. नाव वगळलं गेलं असेल आणि अपिलाची मुदत टळली असेल, तरी व्यवहारात हाच भरावा लागतो. अर्जदार भारतीय नागरिक हवा, त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी हवा आणि अर्हता दिनांकाला, म्हणजे वय मोजायच्या ठरलेल्या तारखेला, १८ पूर्ण हवीत. पूर्वी १ जानेवारी हा एकच दिनांक होता. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार आहेत आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पॅन, आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार किंवा जमिनीचा महसुली उतारा. शुल्क नाही. ‘करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

घर बदललं, नावात चूक आहे, कार्ड हरवलं किंवा दिव्यांग म्हणून नोंद हवी, तर नमुना ८. घर बदलल्यावर लोक नमुना ६ भरून मोकळे होतात आणि मग एकाच माणसाची दोन ठिकाणी नोंद होते. एकापेक्षा जास्त ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने मनाई आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

खरी काळजी करावी असा कागद नमुना ७. याने नाव वगळण्याची मागणी होते, आणि ती त्याच मतदारसंघातला दुसरा मतदारही करू शकतो. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात (अक्कलकोटकडच्या लोकांना हे गाव माहीत असेल) असे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यातले फक्त २४ खरे निघाले. बाकीची नावं यादीत टिकली, कारण कोणीतरी घरोघर जाऊन पाहिलं. आलेल्या हरकतींची यादी मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या फलकावर आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर लागते. तिला नमुना १० म्हणतात. ती कोणी वाचत नाही. निवडणुकीच्या तोंडावर आपल्या यादी भागापुरती तरी वाचा, शेजारपाजारच्यांची नावं दिसली तर त्यांना सांगा.

वगळण्याआधी नोटीस हवी

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे, इथे राहत नाही किंवा पात्र नाही म्हणून नाव काढायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात हे बजावलं. कलम २० तर मावशीसाठीच लिहिल्यासारखं आहे: तात्पुरता बाहेरगावी गेलेला माणूस तेवढ्याने रहिवासी राहत नाही असं होत नाही. बाळंतपण, ऊसतोड, दवाखाना, शिक्षण, अशा कुठल्याही कारणाने घराला कुलूप असलं तरी ते स्थलांतर नव्हे.

नोटीस आली तर सुनावणीला जा, कागदांच्या प्रती द्या आणि पोच घ्या. पोच शिक्का आणि तारखेसह हवी, “दिलंय मी साहेबांकडे” याला काही अर्थ नाही. निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील आणि त्यांच्या आदेशानंतर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. अपिलात फार भाषा नको: यादी भाग, अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, आदेशाची तारीख, आपण तिथेच राहतो याचे कागद, आणि नोटीस मिळाली नसेल तर तसं स्पष्ट वाक्य.

तारखांचं गणित

उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या दिवसाच्या किमान दहा दिवस आधी अर्ज गेलेला बरा. आचारसंहिता लागल्यावर जागं होणाऱ्यांची नेहमी इथेच गफलत होते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिकेचं गणित आणखी वेगळं. राज्य निवडणूक आयोग ठरावीक तारखेची विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागांत विभागतो. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. प्रभाग यादीवरच्या हरकतींत चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव दुरुस्त होतं, विधानसभेच्या यादीतच नसलेलं नाव तिथे घालता येत नाही.

केंद्रावर गेल्यावर

नाव यादीत आहे, पण तुमच्या नावाने आधीच कोणी मत देऊन गेलंय, असं झालं तर परत फिरू नका. मतदान केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ते ओळख पटवायला प्रश्न विचारतात, नमुना १७ ख मध्ये सही घेतात आणि यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका देतात. ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. पण निकाल न्यायालयात गेला तर कामी येऊ शकते. एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने तुमच्या ओळखीवरच आक्षेप घेतला, तर त्याला आधी दोन रुपये भरावे लागतात. रक्कम वर्षानुवर्षं तेवढीच आहे. आक्षेप उगाचच किंवा वाईट हेतूने घेतल्याचं दिसलं तर ते दोन रुपये जप्त होतात.

मावशीला हे सगळं कळेपर्यंत १५ दिवस उलटले होते. आम्ही नमुना ६ भरला, वीजबिल लावलं, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन पडवीत बसून चहा घेऊन गेल्या. नवीन अनुक्रमांक ८१२. तो तिने जुन्या कार्डाच्या मागे स्केचपेनने लिहून ठेवलाय.