निपाणी ते सौंदत्ती: एचआयव्ही आणि पोटाचं पथ्य

बेळगाव, निपाणी, खानापूरकडे एचआयव्हीचं नाव कुणी घेत नसे, तेव्हाही पोटाचं सांगितलं जायचं. ‘ढाळ थांबत नाहीत, खाल्लेलं अंगी लागत नाही,’ एवढ्यावर ऐकणारा काय ते ओळखायचा. पोट आणि हा आजार यांचं नातं खरंच जुनं आहे. १९८५ साली युगांडातून त्याची नोंद झाली ती तिथल्या लोकांनी ठेवलेल्या ‘स्लिम’ या नावानेच: जुलाब आणि झडत जाणारं शरीर. त्याआधी वर्षभर, अमेरिकेत डोनाल्ड कोटलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की जंतू सापडला नाही तरी काही रुग्णांच्या आतड्याचं अस्तर बिघडलेलं असतं आणि अन्न नीट शोषलं जात नाही.

कारण पुढे उलगडलं. शरीरातल्या संरक्षक पेशींचा मोठा साठा रक्तात नसून आतड्याच्या भिंतीत असतो. विषाणू कुठूनही शिरो, पहिल्या काही आठवड्यांतच तो तिथल्या सीडी-४ नावाच्या संरक्षक पेशींचा फडशा पाडतो. औषधांनी रक्तातला या पेशींचा आकडा वर येतो. आतड्यातली झीज मात्र सावकाश आणि बहुधा अर्धवटच भरून येते. म्हणून ‘रिपोर्ट चांगला आहे, मग पोट का बिघडतं?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. तो विचारणाऱ्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणं अन्याय आहे.

भारतातली पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईतली. मुंबई-बेंगळुरू हमरस्ता निपाणी-बेळगाववरूनच जातो. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची प्रथा १९८२ च्या कर्नाटकच्या कायद्यानंतरही लगेच थांबली नाही. गरिबी आणि कामासाठीचं स्थलांतर या दोन्हींनी आजार पसरायला वाट करून दिली; बोल मात्र देवदासी बायांना लागला. १ एप्रिल २००४ पासून सहा राज्यांत सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी औषधं, मोफत मिळू लागली, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. केंद्रं मोजकी, प्रवास लांबचा. ज्याला ढाळ लागलेत त्याच्यासाठी एसटीचे ते तास काय असतील, याचा विचार फार कमी झाला.

तेव्हाच्या औषधांनीही पोटाला त्रास दिला. झिडोव्हुडिननं मळमळ, लोपिनाविरनं जुलाब. मग घरोघरी पथ्य सुरू व्हायचं आणि आपल्याकडे पथ्य म्हणजे वगळणं. दूध बंद, अंडी बंद, मटण बंद, शेवटी नुसता भात. आधीच वजन उतरलेल्या माणसाला असं पथ्य उपासमारीकडे नेतं, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. दूध पचत नसेल तर ताक किंवा दही अनेकांना चालतं. भाताची मऊ पेज, मुगाची खिचडी, केळं यांनी शौच घट्ट व्हायला मदत होते. ठेचा, तळण, कडक चहा आणि, बेळगावकरांना जड जाईल, पण कुंदासुद्धा त्रासाच्या दिवसांत बाजूला ठेवावा. बरं वाटलं की ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी थोडी थोडी परत आणायची. पाणी उकळलेलंच, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूला क्लोरीन पुरत नाही.

आता बहुतेकांना डोलुटेग्राविर असलेली एकच गोळी रोज असते. तिच्यामुळे पोटाचा त्रास तुलनेनं कमी, पण एक गोष्ट फार जणांना सांगितली जात नाही. ॲसिडिटीवरचं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं पातळ औषध मेडिकलमधून आणून गोळीबरोबरच घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या गोळीबरोबर जेवणासोबत चालतात, उपाशीपोटी नाही. एकादशीला गोळी चुकवायचं मात्र कारण नाही. ही गोळी रिकाम्या पोटीही घेता येते.

जुलाब दोन आठवडे टिकले, रक्त पडलं, ताप आला किंवा वजन घटत गेलं तर पथ्यावर भागवायचं नाही. शौचाची तपासणी करून घ्यायची आणि तोवर एआरटी चालूच ठेवायची.