हळदीचा हिशोब उणे आला तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीवर प्रोजेक्ट करणारी शेजारची एक पोरगी परवा लॅपटॉप घेऊन आली, म्हणाली, सर हे बघा ना, २ लाख किलो हळद, किलोला १५,००० पैसे, साधा गुणाकार केला तर उत्तर उणे १२९ कोटी पैसे येतंय! एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही. म्हटलं हळद पण गेली आणि वर पैसे पण द्यायचे, अडत्या खूश होईल. तिला काय हसू आलं नाही.

भानगड अशी की तिच्याकडं विंडोज, आणि नमपाय ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची गणिताची फुकट, ओपन सोर्स लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) जुनी. त्या नमपायमध्ये विंडोजवर पूर्णांक ३२ बिटांत ठेवायचे, त्यात २१४ कोटींच्या जरा पुढपर्यंतच मावतं, मग आकडा गर्रकन फिरून उणेत जातो. तोच कोड लिनक्सवर ६४ बिटांत चालतो आणि बरोबर ३०० कोटी देतो.

नव्या नमपायमध्ये विंडोजवरही ६४ बिट केलेत. मग आधीच का नाही बदललं, असं तिनं विचारलं. बरोबर आहे, पण नमपायवर उभी असलेली कितीतरी पॅकेजेस सी भाषेत आहेत, त्यातली काही मेमरीतला एकेक आकडा ४ बाइटांचा, म्हणजे ३२ बिटांचा, धरून वाचतात, तिथं तुम्ही गुपचूप ८ केले की त्यांचा सगळा हिशोब कोलमडला. म्हणून असले बदल साठवून ठेवले आणि २००६ च्या नमपाय १.० या आवृत्तीनंतर थेट जून २०२४ ला २.० काढलं.

तिची दुसरी फाइल तर चालूच होईना, कारण एनपी डॉट फ्लोट हे नमपायमधलं दशांश आकड्याच्या प्रकाराचं जुनं नाव. जानेवारी २०२१ पासून ते वापरलं की वॉर्निंग यायची, डिसेंबर २०२२ ला काढूनच टाकलं. पोरं शिव्या घालतात, पण मला हे चालतं, कोड बंद पडला की निदान कळतं तरी. मला भीती वाटते ती गुपचूप बदलाची. २.० मध्येच ३२ बिटांच्या दशांश आकड्यात पायथनचा साधा दशांश आकडा, समजा ३.०, मिळवला तर उत्तर ३२ बिटांतच राहतं, आधी ६४ व्हायचं. कोड चालतो, फक्त लांबचे दशांश हलतात, कुणाच्या लक्षात येणार?

नवीन नमपाय टाकून दिलं, ३०० कोटी आले. आता तिच्या गाइडच्या पीसीवर जुनंच आहे, तिथं अजून उणेच येतंय आणि ते म्हणतात तुझंच चुकलंय.